खडकात आहे, हातात नाही

‘तांबं आणखी चाळीस वर्षांत संपणार’ असा मजकूर दर काही महिन्यांनी कुठे ना कुठे उगवतो. पाठोपाठ ठरलेलं उत्तर येतं: भूखंडांखालचं कवच सरासरी पस्तीस-चाळीस किलोमीटर जाड आहे, त्यात धातू ठासून भरलेत, संपतात कसले? पहिला पक्ष ज्ञात साठ्याला वार्षिक उत्पादनाने भागतो आणि घाबरतो. दुसरा पक्ष कवचाच्या वजनाला टक्केवारीने गुणतो आणि निवांत झोपतो. भागाकारही बरोबर, गुणाकारही बरोबर. फसतं ते दोघांनी न बोलता मान्य केलेलं गृहीतक, की धातू म्हणजे कोठारातलं धान्य आणि आपलं काम पोती मोजण्याचं. माझ्या मते ‘किती आहे’ हा प्रश्नच या वादातून काही काळ बाजूला ठेवला पाहिजे. धातू कोणत्या खनिजात बसला आहे, कुणाशी किती घट्ट बांधला गेला आहे, ती गाठ सोडवायला काय मोजावं लागेल आणि सोडवून झाल्यावर मागे काय उरेल, हे विचारल्याशिवाय टनांचा कोणताही आकडा आशेचाही नसतो आणि भीतीचाही.

‘मुबलक’ या शब्दाची ॲल्युमिनियमने जेवढी फजिती केली आहे तेवढी दुसऱ्या कुठल्या धातूने केली नसेल. भूकवचात वजनाने सुमारे ८ टक्के ॲल्युमिनियम आहे; धातूंमध्ये पहिला नंबर. कोणतीही चिकणमाती घ्या, कोणताही फेल्डस्पार घ्या, त्यात तो आहेच. मडकी आणि विटा भाजणाऱ्या माणसाने तो हजारो वर्षं हाताळला, पण १८२५ साली कोपनहेगनमध्ये ओर्स्टेड या शास्त्रज्ञाने त्याचा अशुद्ध गोळा मिळवेपर्यंत धातू म्हणून तो कुणी पाहिलाच नव्हता. १८८४ साली वॉशिंग्टनच्या स्मारकस्तंभाचं टोक ॲल्युमिनियमचं केलं ते मिरवण्यासाठी. तेव्हा त्याचा भाव चांदीच्या आसपास होता. दोनच वर्षांनी अमेरिकेत चार्ल्स हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू या दोन तरुणांनी, एकाला दुसऱ्याचा पत्ता नसताना, वितळलेल्या क्रायोलाइट या खनिजात ॲल्युमिना (ॲल्युमिनियमचा ऑक्साइड) विरघळवून त्यातून वीज सोडली. (दोघेही १८६३ चे, आणि दोघेही १९१४ मध्येच वारले. हा योगायोग मला दर वेळी सांगावासा वाटतो.) भाव कोसळला. त्या दोन वर्षांत कवचातलं ॲल्युमिनियम वाढलं होतं का? ते होतं तेवढंच होतं. ऑक्सिजनशी बसलेली त्याची गाठ सोडवण्याची परवडणारी रीत तेवढी नवी होती.

आणि ‘परवडणारी’ म्हणजे काय, हेही पाहायला हवं. आजही एक किलो ॲल्युमिनियमसाठी नुसत्या विद्युत अपघटनाला तेरा ते पंधरा युनिट वीज लागते. शिवाय कारखाने ते मातीतून काढत नाहीत, बॉक्साइटमधून काढतात. माती सगळीकडे पडलेली असताना बॉक्साइटच का? मातीतल्या ॲल्युमिनियमच्या गळ्यात सिलिका असते. उष्ण प्रदेशातल्या पावसाने लाखो वर्षं खडक धुऊन जिथे सिलिका वाहून नेली, तिथे बॉक्साइट उरलं. म्हणजे विलगीकरणाचं निम्मं काम पावसाने आधीच केलेलं होतं, आणि त्याचं बिल कुणी पाठवलेलं नाही. धातुकाची, म्हणजे धातूसाठी खाणीतून काढतात त्या खडकाची, व्याख्या मी याच अंगाने करेन: धातुक म्हणजे पृथ्वीने आधीच करून ठेवलेलं काम. लोखंडाच्या पट्टेदार खडकांचंही तेच. प्राचीन समुद्रात विरघळलेलं लोह प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या सूक्ष्मजीवांनी सोडलेल्या ऑक्सिजनमुळे अविद्राव्य झालं आणि तळाशी बसलं; त्यातले मोठे साठे अडीच अब्ज वर्षांच्या आगेमागे तयार झाले. तांब्याचे बहुतेक मोठे साठे म्हणजे थंडावत जाणाऱ्या शिलारसातून निघालेल्या कढत खारट पाण्याची करामत. आपण खाणीत उकरतो ते मुख्यतः हे श्रम, धातू त्यांच्यासोबत येतो.

कोणता धातू कुणाजवळ बसतो याला नियम आहेत. १९२० च्या दशकात नॉर्वेच्या व्हिक्टर गोल्डश्मिटने मूलद्रव्यांची जी वर्गवारी केली ती अजून टिकून आहे. काहींना ऑक्सिजन आणि सिलिकेट खडक आवडतात: ॲल्युमिनियम, टायटॅनियम, मॅग्नेशियम. काहींना गंधक: तांबं, जस्त, शिसं, पारा. काही लोखंडाच्या मागे जातात: सोनं, प्लॅटिनम, त्यांचा मोठा वाटा पृथ्वीच्या गाभ्यात उतरून गेला. ही यादी हातात ठेवून धातूंचा इतिहास वाचला की गंमत दिसते. माणसाला आधी ओळख झाली ती सोनं, तांबं, शिसं, कथील, पारा यांची, म्हणजे कवचात तुटपुंज्या असलेल्या धातूंची. सोनं तर टनभर सामान्य खडकात काही मिलिग्रॅमच. मुबलक ॲल्युमिनियम एकोणिसाव्या शतकात आलं. तांब्याच्या जवळपास शंभरपट असलेलं टायटॅनियम कारखान्यातून बाहेर पडायला १९४० चं दशक उजाडलं, आणि अजून ते महागच आहे. लोखंड मधे कुठेतरी. मुबलकता ठरवत असती तर हा क्रम उलटा हवा होता.

जस्ताचं उदाहरण तर भट्टीतच पाहता येतं. जस्त तांब्याइतकंच आढळतं, पण त्याच्या ऑक्साइडमधला ऑक्सिजन कोळशाने निघतो (क्षपण होतं) ते हजार अंशांच्या आसपास आणि जस्त उकळतं ९०७ अंशांना. म्हणजे धातू जन्मतो तोच वाफ होऊन, आणि हवा मिळताच पुन्हा जळून जातो. राजस्थानातल्या झावरच्या कारागिरांनी मुशी उलट्या बसवून वाफ खालच्या थंड भांड्यात उतरवली आणि शेकडो वर्षं जस्त काढलं. इंग्लंडमध्ये विल्यम चॅम्पियनला ऊर्ध्वपातनाचं पेटंट मिळालं ते १७३८ मध्ये. तोवर युरोपातलं जस्ताचं खनिज काय कमी होतं?

आता निवांत झोपणाऱ्यांची बाजू. ती कमजोर नाही. १९८० साली अर्थतज्ज्ञ ज्युलियन सायमनने जीवशास्त्रज्ञ पॉल अर्लिकशी पैज लावली: हवे ते धातू निवडा, दहा वर्षांनी महागाई वजा करून भाव पाहू. अर्लिकने तांबं, क्रोमियम, निकेल, कथील, टंगस्टन हे पाच निवडले. १९९० मध्ये पाचही स्वस्त झालेले होते आणि अर्लिकने ५७६ डॉलर ७ सेंटचा धनादेश पाठवला. ‘चाळीस वर्षं’ हा आकडाही कित्येक दशकं तसाच पुढे सरकतो आहे, कारण साठा म्हणजे आजच्या भावात, आजच्या तंत्राने काढता येईल एवढाच भाग. भाव चढला, तंत्र सुधारलं की काल जो खडक होता तो आज साठा होतो. याचा सर्वांत देखणा पुरावा अमेरिकेतली बिंगहॅम कॅन्यनची खाण. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथलं जेमतेम २ टक्क्यांचं धातुक जाणकारांना हसण्याजोगं वाटत होतं. मोठमोठी यांत्रिक फावडी आली, त्यामागून फेनतरण (दळलेल्या खडकातलं खनिज फेसावर तरंगवून वेगळं करणं) आलं, आणि आज अर्ध्या टक्क्याच्या आसपासच्या खडकातून जग तांबं काढतं. घाबरणाऱ्यांनी हा इतिहास टाळू नये. पैज दुसऱ्या एखाद्या दशकात लागली असती तर निकाल फिरला असता, हे खरं. पण तेवढ्यावर सायमनचा मुद्दा पडत नाही.

तो पडतो दुसऱ्या ठिकाणी. फेनतरण चाललं ते का चाललं? दळलेल्या खडकात तांब्याच्या सल्फाइडचे स्वतंत्र कण होते म्हणून. त्या कणांना तेलकट रसायन चिकटतं, पाणी चिकटत नाही, आणि ते बुडबुड्यांवर बसून वर येतात. दोन टक्के असो की अर्धा, खनिज तेच, फक्त विरळ. मग याच वाटेने खाली जात जात सामान्य खडकापर्यंत, म्हणजे दहा लाखांत साठ भागांपर्यंत पोचता येईल असं मानायचं का? १९७० च्या दशकात येल विद्यापीठातल्या ब्रायन स्किनरने नेमकं इथे बोट ठेवलं. ढोबळमानाने ०.१ टक्क्याच्या खाली गेलं की तांब्याचं वेगळं खनिजच राहत नाही. ते अभ्रक, पायरॉक्सिन अशा सिलिकेटांच्या स्फटिकात लोह-मॅग्नेशियमच्या जागी एकेक अणू करून बसलेलं असतं. त्या खडकाचं कितीही बारीक पीठ करा, तांब्याचा कण सुटणार नाही, कारण कण नाहीच. अख्खा स्फटिक फोडावा लागेल, आणि सिलिकेट फोडणं म्हणजे ॲल्युमिनियमवाल्या मातीशी झालेली झुंज, तीही चिमूटभर तांब्यासाठी. हिशेब करा: साठ भागांच्या खडकातून एक टन तांबं म्हणजे जवळजवळ सतरा हजार टन खडक. तो बारीक दळायलाच टनामागे दहा युनिट जरी धरली तरी सुमारे एक लाख सत्तर हजार युनिट होतात, आणि रासायनिक काम अजून सुरूही झालेलं नाही. आजच्या अर्ध्या टक्क्याला दोनशे टन पुरतात. उतरत्या प्रतीची वाट घसरगुंडीसारखी वाटते खरी, पण तिच्या मध्यात एक कडा आहे, आणि आजवरचा सगळा विजय कड्याच्या अलीकडचा.

‘तंत्र काहीतरी शोधेलच’ या वाक्याला माझं उत्तर एका माणसाच्या आयुष्यात आहे. १८९८ साली विल्यम क्रूक्स या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने इशारा दिला होता की चिलीचं सोरामीठ सरलं की गहू पिकणार नाही. हवेत ७८ टक्के नायट्रोजन असताना शेती एका वाळवंटावर अवलंबून होती, कारण हवेतल्या दोन नायट्रोजन अणूंमधला तिहेरी बंध कुणाला तोडता येत नव्हता. फ्रिट्झ हाबरने १९०९ मध्ये तो उच्च दाबाखाली तोडून अमोनिया करून दाखवला, १९१३ मध्ये ओपाऊला कारखाना सुरू झाला. निवांत पक्षाचा हा आवडता किस्सा, आणि आवडायलाच हवा. पण ते किस्सा इथे थांबवतात. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीवर दंडाचं ओझं आलं तेव्हा याच हाबरने समुद्रातल्या सोन्याकडे मोर्चा वळवला. कागदावर गणित झकास होतं, समुद्र केवढा! जहाजावर प्रयोगशाळा थाटून त्याने ठिकठिकाणचं पाणी तपासलं, आणि सोनं आधीच्या अंदाजांच्या सुमारे हजारपट कमी निघालं. काही वर्षांनी त्याने नाद सोडला. बुद्धी तीच, चिकाटी तीच. नायट्रोजनमध्ये अडचण फक्त बंधाची होती, माल दाट होता. सोन्यात बंधाची अडचण जवळपास नव्हतीच, विरळपणाची होती. सामान्य खडकातल्या तांब्यात या दोन्ही अडचणी एकत्र नांदतात. म्हणजे हाबरच्या कोणत्या प्रयोगाचा दाखला द्यायचा?

घाबरणाऱ्यांनाही मी सोडत नाही. ‘संपणार’ हा शब्द त्यांनी तेलाकडून उसना आणला आहे. तेल जळतं, तांब्याचा अणू जळत नाही, वापरून नाहीसा होत नाही. प्रत उतरते आहे हे त्यांचं निरीक्षण खरं, पण त्यातून निघणारा निष्कर्ष शेवटच्या पोत्याचा नाही. कोरडी खाण नव्हे, तर वाढत जाणारा गाळ हे त्या उताराचं खरं चित्र आहे. अर्ध्या टक्क्याच्या धातुकातला साडेनव्याण्णव टक्के भाग पीठ होऊन पाण्यासकट कुठेतरी साठवावा लागतो. २०१९ च्या जानेवारीत ब्राझीलमध्ये ब्रुमाजिन्योला लोहखाणीच्या गाळाचा बांध फुटला आणि २७० माणसं गेली. २०१० मध्ये हंगेरीतल्या आयकाला बॉक्साइटचा लाल, दाहक चिखल गावांत शिरला. ‘चाळीस वर्षं की चारशे’ या वादात या दोन गावांना जागाच नाही, कारण दोन्ही पक्ष धातू मोजतात आणि उरलेला खडक कुणीच मोजत नाही.

दुर्मिळ मृदा धातूंच्या चर्चेत तर नावानेच घोळ घातला आहे. यातलं सिरियम कवचात तांब्याइतकं आहे, निओडिमियमही फार मागे नाही. दुर्मिळ आहे ती त्यांची ताटातूट. बहुतेकांच्या आयनांवर भार सारखाच, तीन. त्रिज्या लँथॅनमपासून ल्युटेशियमपर्यंत केसभर केसभर कमी होत जाते. स्फटिकाला हा फरक कळत नाही, म्हणून मोनाझाइट असो की बास्टनेसाइट (ही त्यांची दोन खनिजं), सगळी भावंडं एकत्रच येतात. स्वीडनमधल्या इटरबी या एका गावाच्या खाणीने चार मूलद्रव्यांना नावं दिली, कारण एका काळ्या दगडातून एकामागून एक ती सुटत गेली आणि हे सुटणं शतकभर चाललं. १९११ मध्ये चार्ल्स जेम्सने शुद्ध थुलियम मिळवलं ते पंधरा हजार वेळा स्फटिकीकरण करून. आज तेच काम द्रावक निष्कर्षणाने (एकमेकांत न मिसळणाऱ्या दोन द्रवांमध्ये धातू वाटून घेत), टाक्यांच्या शेकडो टप्प्यांच्या रांगेतून होतं. त्यामुळे ‘चीनकडे साठे आहेत’ हे वाक्य अर्धवट आहे. कॅलिफोर्नियातल्या माउंटन पास खाणीने १९६० च्या दशकात रंगीत टीव्हीच्या लाल रंगासाठी जगाला युरोपियम पुरवलं. ती २००२ मध्ये बंद पडली तेव्हा खडक संपला नव्हता. पुढे ती पुन्हा सुरू झाल्यावर काही वर्षं तिथला माल वेगळा करायला चीनलाच जात होता. मक्तेदारी टाक्यांच्या रांगेची आहे. त्यातही दक्षिण चीनमधल्या काही मातींमध्ये जड दुर्मिळ मृदा नुसत्या पृष्ठभागाला चिकटून असतात, अमोनियम सल्फेटच्या पाण्याने सुटतात. तिथे टक्केवारी फार कमी, तरी त्या माती मोलाच्या, कारण गाठ सैल आहे. उलट मोनाझाइटमध्ये टक्केवारी भरपूर, आणि सोबत किरणोत्सारी थोरियम.

ज्यांना स्वतःचं घरच नाही असेही धातू आहेत. गॅलियम कवचात शिशाच्या बरोबरीचं आहे, पण त्याच्या आयनाचा आकार ॲल्युमिनियमशी इतका जुळतो की ते प्रत्येक मातीत, प्रत्येक बॉक्साइटमध्ये थोडंथोडं लपून बसतं आणि कुठेच साठत नाही. जर्मेनियम आणि इंडियम जस्ताच्या सल्फाइडमध्ये, टेल्युरियम तांबं शुद्ध करताना उरणाऱ्या चिखलात. यांच्यासाठी वेगळी खाण काढून उपयोग नाही. यजमान धातूचा कारखाना चालू असेल आणि त्याने चिखलाकडे लक्ष दिलं तरच ते मिळतात. २०२३ मध्ये चीनने गॅलियम आणि जर्मेनियमच्या निर्यातीवर परवान्याचं बंधन घातलं तेव्हा ‘नवे साठे शोधा’ अशी हाकाटी झाली. साठे शोधून काय मिळणार होतं? गॅलियम तर बॉक्साइटवर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यांच्या द्रावणात विरघळलेलं फिरतच होतं.

लिथियमवर इथे फार रेंगाळत नाही, एकच उदाहरण पुरे. बोलिव्हियाच्या उयुनी मिठागरात जगातल्या सर्वांत मोठ्या लिथियम साठ्यांपैकी एक आहे, आणि कित्येक वर्षं बातम्यांत ते ‘पांढरं सोनं’ म्हणून गाजतं आहे. उत्पादन मात्र शेजारच्या चिलीतल्या अटाकामाच्या तुलनेत नगण्य. राजकारण त्यात आहेच, पण उयुनीच्या खाऱ्या पाण्यात लिथियमच्या वीसेकपट मॅग्नेशियम आहे आणि ही दोन रसायनशास्त्रात चुलतभावंडांसारखी वागतात, हे बातमीत क्वचित येतं. म्हणून साठ्याची घोषणा करताना टनांच्या शेजारी खनिजाचं नाव, प्रत आणि सोबतची मूलद्रव्यं छापणं सक्तीचं करावं, असं मला वाटतं. आकडा कमी प्रभावी दिसेल. दिसू दे.

माझ्यावर येणारा सगळ्यांत अवघड आक्षेप ऊर्जेचा. स्वस्त, स्वच्छ वीज अमाप झाली तर कोणताही कडा चढता येईल, मग एवढा कांगावा कशाला? तत्त्वतः हे मान्य आहे. सोव्हिएत संघाने बॉक्साइटच्या तुटवड्यात नेफेलीन नावाच्या सिलिकेटातून ॲल्युमिना काढून दाखवलाच होता, आणि उरलेल्यातून सिमेंट केलं. म्हणजे सिलिकेट अभेद्य नाही. पण नेफेलीनमध्ये ॲल्युमिनियम भरभरून आहे, आणि उरलेल्याला गिऱ्हाईक मिळालं. टनभर तांब्यामागच्या सतरा हजार टन चिखलाला गिऱ्हाईक कोण? शिवाय ती अमाप वीज ज्या जनित्रांतून आणि तारांतून यायची, त्यांनाही तांबं लागणारच.

त्यापेक्षा जवळचं धातुक आपण स्वतः करून ठेवलं आहे. वापरून झालेल्या ॲल्युमिनियमला पुन्हा वितळवायला नव्या धातूच्या पाच टक्क्यांच्या आसपासच ऊर्जा लागते, कारण ऑक्सिजनची गाठ आधीच सुटलेली असते. पृथ्वीने केलेल्या कामावर आपण आपलं काम चढवलेलं असतं. पण इथेही रसायनशास्त्र सूट देत नाही. भंगारातली मोटारगाडी वायरींसकट चिरडली की तांबं पोलादात जातं, आणि एकदा गेलं की भट्टीत हवा फुंकून ते निघत नाही, कारण तांब्याच्या आधी लोखंडच जळतं. असं पोलाद तापवून लाटताना भेगाळतं. मग त्यात नवं शुद्ध लोखंड मिसळून तांबं पातळ करण्याखेरीज फारसं हाती राहत नाही, आणि ते तांबं पुन्हा कोट्यवधी टनांत अणू-अणू विखुरतं. पृथ्वीने कढत पाण्याने लाखो वर्षं खपून जे एका जागी आणलं, त्याचा सामान्य खडक करायला एक चिरडयंत्र पुरतं. वायर आधी हाताने ओढून काढायला किती मिनिटं लागतात, याचा हिशेब ‘चाळीस वर्षं’ मोजणाऱ्यांनी एकदा मांडून पाहावा.